सोळा भाज्या आणि नाकतोडे

मला नाकतोड्यांची किळस बसली ती लग्नानंतर. त्याआधी नाकतोडा म्हणजे पावसाळा सरता सरता कंदिलापाशी येऊन आपटणारा एखादा चुकार किडा, एवढीच माझी ओळख. माहेर अकोल्याचं, भर वस्तीतलं. पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि हिरवं म्हणावं असं तुळशीचं एक रोप. अकोल्याचा उन्हाळा आणि तिथले पाण्याचे हाल ज्याने भोगले आहेत त्याला त्या एका तुळशीचंही कौतुक वाटेल.

सासर अमरावतीचं. बडनेऱ्याच्या रस्त्याला, वस्ती संपून रान सुरू व्हायचं तिथे घर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दर्यापूरच्या तहसील कचेरीत नाझर होते. पेन्शन झाल्यावर त्यांनी अमरावतीला तीन खणांचं कौलारू घर बांधलं आणि घराच्या दुप्पट जागा मागे मोकळी ठेवली. लोकांना वाटलं, पुढे खोल्या काढतील. त्यांनी विहीर खणली, वाफे पाडले आणि भाजी लावली. माझे यजमान दर्यापूरच्या शाळेत मास्तर. शनिवारी संध्याकाळी सर्व्हिस मोटारने यायचे, सोमवारी भल्या सकाळी परत जायचे. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच, मामंजी, सासूबाई आणि मी.

मामंजींची ती बाग म्हणजे त्यांची दुसरी कचेरी होती. सकाळी स्नान करून, डोक्याला टापर बांधून ते मागे जायचे ते उन्हं तापेपर्यंत. वांगी, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, पालक, माठ, अळू, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या. मांडवावर दोडकं आणि कारलं. कोपऱ्यात आमच्याकडे ज्याला कोहळं म्हणतात त्या लाल भोपळ्याचा वेल. कुंपणालगत शेवंतीची रांग. कोणी भेटायला आलं की आधी बाग, मग चहा. आणि प्रत्येकाला एक गोष्ट सांगायचीच, की आमच्या महालक्ष्म्यांच्या सोळाही भाज्या घरच्या असतात, बाजारातून काडी आणत नाही.

ज्याला वऱ्हाड माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. भाद्रपदात गौरी येतात त्यांना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील, आणि सोळा प्रकारच्या भाज्यांची मिळून केलेली भाजी लागते. पंधरा चालत नाहीत. गावातल्या बायका त्या दोन दिवसांत भाजीबाजारात एकमेकींना ढकलत असायच्या. आमच्या सासूबाई मात्र ओट्यावर निवांत बसून भाजी निवडायच्या, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी ते पाहावं अशा बेताने बसायच्या.

मला दिवस गेले ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. श्रावणात तिसरा महिना लागला. ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला होता. फोडणीचा वास आला की उलटी, शेणाचा आला की उलटी, मामंजींच्या तपकिरीच्या डबीचं झाकण उघडलं तरी पोटात ढवळून यायचं. बागेत जरा बरं वाटायचं. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसायची.

कुंपणापलीकडे नझूलची, म्हणजे सरकारी पडीक जागा होती. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गवत माजायचं. एका दुपारी कुंपणाच्या काट्यांत मला सापाची कात दिसली. हातभर लांब, वाऱ्याने हलत होती. मी उठले ती घरातच आले. त्या रात्री माझ्या डोळ्यासमोरून ती कात हलेना. मामंजींना सांगितलं तर ते म्हणाले, “रानात साप नाई राहीन तर का कचेरीत राहीन? तो उंदरं खाते आपले.” विषय संपला.

दोन दिवसांनी मामंजी भातकुलीला एका नातेवाइकाच्या तेरवीला गेले. सासूबाई झोपल्या होत्या. रस्त्याने गवताचे भारे नेणाऱ्या दोन बाया चालल्या होत्या. मी त्यांना हाक मारली आणि म्हटलं, मागचं गवत कापून न्या, सगळं न्या. त्यांना तेच पाहिजे होतं. विळे लखलख चालले. सूर्य कलायच्या आत ती जागा भादरलेल्या डोक्यासारखी झाली. मी कट्ट्यावर बसून समाधानाने पाहत होते. आता साप कुठे लपेल, पाहू.

साप लपला की नाही मला माहीत नाही. पण त्या गवतात जे राहत होतं ते सगळं संध्याकाळपर्यंत आमच्या बागेत आलं.

आधी कुंपणावर दिसले. काट्यांवर काहीतरी हलतंय असं वाटलं म्हणून पाहिलं तर प्रत्येक काटकीवर एक नाकतोडा. हिरवे, पिवळट, मातकट, काही बोटाएवढे, काही पंख न फुटलेली नुसती उडी मारणारी पिल्लं. मी जवळ गेले तशी सगळी मिळून उडाली आणि वांग्यांच्या वाफ्यात पडली. पाऊस पडावा तसा पानांवर तडतड आवाज झाला.

मामंजी परत आले ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा भेंडीच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. ते वाफ्यात उभे राहिले. मग कुंपणाकडे गेले, पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “गवत कोनं कापलं?”

सासूबाई म्हणाल्या, “मले काय मालूम? ढोरवाल्यानं नेलं असन.”

मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं. मी बाहेर आले नाही.

तिथून पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात घाणेरडे दिवस. मामंजींनी आधी राख उडवली. मग कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी शिंपडलं. मग गोवऱ्यांचा धूर केला. त्या धुराने मी दोनदा ओकले आणि नाकतोडे तिथल्या तिथे बसून चरत राहिले. शेवटी त्यांनी हाताने वेचायचं ठरवलं. सकाळी दव असतं, पंख ओले असतात, तेव्हा त्यांना उडता येत नाही. मामंजी एकेका पानावरून चिमटीत धरून काढायचे आणि डब्यात टाकायचे. डब्यात पाणी आणि वर रॉकेलचा तवंग.

तो डबा मी धरायचा, असं ठरलं. सासूबाईंनी बजावलं, “पोटुशीनं जीव मारू नाई. तू हात नोको लावू. नुसता डबा धर.” डबा धरणं म्हणजे मारणं नव्हे, हे कोणत्या शास्त्रात आहे मला माहीत नाही. मी पदर नाकावर धरून, मान वळवून उभी राहायची. पण आवाज थांबवता येत नव्हता. डब्याच्या पत्र्यावर त्यांच्या करवतीसारख्या पायांची खरवड चालायची. एक बुडत असायचा, त्याच्या पाठीवर दुसरा चढायचा, त्याच्यावर तिसरा. रॉकेलचा वास आणि त्यात मिसळलेला चघळलेल्या पाल्याचा आंबट वास. अजूनही रॉकेलचा दिवा भरताना मला तो दुसरा वास येतो.

नाकतोडा चिमटीत धरला की तोंडातून तपकिरी पाणी सोडतो. तंबाखूच्या पिंकेसारखं. मामंजींची बोटं त्या पाण्याने रंगून जायची. ते राखेने, मातीने घासून हात धुवायचे, पण नखांच्या कडांना ती तपकिरी रेघ राहायचीच. दुपारी ते त्याच हाताने भाकर मोडायचे. मी वाढत असायची. माझी नजर नेमकी त्या नखांवर जायची आणि मग मला माझं ताट दिसेनासं व्हायचं.

त्यांची विष्ठाही सांगते, कारण ती मी दिवसातून दोनदा झाडत होते. काळे, लांबट, मोहरीपेक्षा जरा मोठे दाणे. पानांवर, कट्ट्यावर, ऊन दाखवायला काढलेल्या पापडांवर. पाऊस झिमझिमला की त्याचा काळा चिखल व्हायचा. एकदा सासूबाईंनी पापडावरचे दाणे मसाला समजून बोटाने चाखायला घेतले होते, मी ओरडले म्हणून वाचल्या.

एका सकाळी मी न्हाऊन दोरीवरची चोळी घेतली. गाठ बांधली आणि डाव्या बाजूला, खाली, काहीतरी हललं. आधी वाटलं दोरा असेल. मग त्याने पाय मारला. त्या मागच्या पायांना काटे असतात. ते कातडीत रुतले. मी किंचाळले आणि कापडावरूनच जोराने तळहात दाबला. फट् असा आवाज झाला. बारीकच, पण मला आजही आठवतो. चोळी काढली तर पोटावर हिरवट पिवळा लगदा, त्यात एक पंख, आणि पिवळे लांबट दाणे. तिच्या पोटातली अंडी होती ती. माझ्या पोटावर पसरली होती.

मी रहाटाने पाणी ओढून अंगावर ओतत राहिले. सासूबाई धावत आल्या. काय झालं ते पाहून त्यांचा चेहराच पडला. पोटुशीच्या हातून जीव गेला, तोही पोटुशीचाच. त्यांनी मला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा म्हणाल्या, “तू मुद्दाम नाई केलं. देवाले दिसते सारं.” मग मला जवळ घेऊन बसल्या. त्या बाईने मला जवळ घ्यायची ती पहिलीच वेळ. आणि मी मात्र मनात म्हणत होते, देवाला गवत कापलेलंही दिसलं असेल.

ह्याहून वाईट काही व्हायचं उरलं नाही असं मला वाटलं. पण अंबाडी शिल्लक होती.

अंबाडीचा आंबटपणा त्यांना आवडत नसावा. बाकीची बाग कुरतडून चालली होती तरी अंबाडीच्या वाफ्याला त्यांनी फारसं तोंड लावलं नव्हतं. मामंजींना तेवढाच आनंद. त्यांनी स्वतः खुडून आणली आणि मला म्हणाले, “सूनबाई, आज कण्या घालून अंबाडी कर. जवसाचं तेल टाकजो वरतून.” मी निवडली, धुतली, दोनदा धुतली. शिजवून, घोटून, फोडणी दिली. त्या दिवशी मलाही जरा भूक होती. मामंजी दोनदा मागून जेवले. सासूबाईही जेवल्या. मग मी बसले.

तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी आलं. देठ असेल म्हणून मी चावलं. ते देठासारखं तुटलं नाही. बाहेर काढलं तर पाय. मांडी, गुडघा, खाली करवत. एकच पाय.

मी ताटातली भाजी बोटाने पसरली. बाकीचा नाकतोडा तिथे नव्हता. भांड्यात पाहिलं, तिथेही नव्हता. पाच पाय, डोकं आणि धड कुठे गेलं हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मामंजी बाहेर ओट्यावर पान लावत होते आणि सासूबाईंना म्हणत होते, “आज अंबाडी झ्याक झाली होती.” ज्या घरात कधी अंडं आलं नव्हतं त्या घरात. मी तो पाय चुलीत टाकला, परसात जाऊन आतडी बाहेर येईपर्यंत ओकले, आणि तोंड धुऊन आत आले. सासूबाईंनी विचारलं, “पुन्हा उलटी?” मी म्हटलं, “हो, दिवसच तसे आहेत.” ही गोष्ट मी त्या दोघांना ते जिवंत असेपर्यंत सांगितली नाही.

आमच्या डाव्या हाताला, कुंपणापलीकडे, एक मुसलमान कल्हईवाला राहायचा. आमची पितळेची भांडी त्याच्याकडूनच कल्हई होऊन यायची. त्याच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. पन्नाशीची, उंच, दात पानाने लाल झालेले. तिने दहा-बारा कोंबड्या पाळल्या होत्या. माझी ती सकाळची डबा धरून उभी राहण्याची तऱ्हा ती कुंपणाआडून रोज पाहत होती. एका दिवशी राहवलं नाही तिला.

“बहू, तू काहून जीव जाळून राहिली? माह्या कोंबड्या सोड अंदर. दोन दिवसांत साफ. एक टांग नाई राहनार.”

टांग म्हटल्याबरोबर माझ्या तोंडात ओकारीचं पाणी आलं आणि मी तोंड दाबून धरलं. तिला वाटलं मी नाही म्हणतेय. ती म्हणाली, “सासूले विचार.”

मी विचारलं. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

“कोंबड्या? आपल्या अंगनात? महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या अन् वाफ्यावाफ्यात कोंबड्या शिटतीन, अन् त्याच वाफ्यातली भाजी मी देवीच्या पानात वाढू? कोनं सांगितलं हे तुले?”

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती बाई वाईट नाई. पन तिचं तिच्या घरी.”

मामंजी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली, सासूबाईंच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर उठून वेचायला गेले.

पण वेचून संपणारे नव्हते ते. डबाभर काढले की दुपारी तितकेच दिसायचे. भेंडी गेली, चवळी गेली, मिरचीचे नुसते खराटे राहिले. मग वांगी. वांग्याला बाहेरून कुरतडून आत तोंड घालून बसायचे, मागून नुसते पाय दिसायचे. मामंजी रोज संध्याकाळी भाज्या मोजायचे. आज अकरा आहेत. आज नऊ. सासूबाई म्हणायच्या, राहिलेल्या बाजारातून आणू. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे.

शेवटी शेवंती गेली. कळ्या आल्या होत्या नुसत्या. मी सकाळी डबा घेऊन मागे गेले तर मामंजी शेवंतीच्या रांगेपाशी उकिडवे बसले होते. एकाही फांदीला शेंडा नव्हता. कळ्या खाऊन देठावर त्यांचे ते काळे दाणे पडले होते. एका देठावर दोन नाकतोडे एकमेकांच्या पाठीवर चढून बसले होते, मामंजी इतके जवळ असूनही ते हलत नव्हते. नुसती शेपटं वरखाली होत होती. मामंजी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग ते थुंकले. मामंजींना कुठेही थुंकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“असे बेशरम जनावर,” ते म्हणाले.

उठले, टापर सोडलं, पुन्हा नीट बांधलं आणि डावीकडच्या कुंपणाशी गेले. खाला अंगण झाडत होती. मामंजी आजवर तिच्या नवऱ्याशी बोलले होते, तिच्याशी नव्हते. त्यांनी खाकरून आवाज दिला.

“बाई, तुमच्या कोंबड्या पायजेत.”

तिने डोक्यावर पदर ओढला. “कितीक, नाझरसाहेब?”

“जितक्या असतीन तितक्या.”

सासूबाई तोवर मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलणार तेवढ्यात मामंजी वळून म्हणाले, “देवीले सोळा भाज्या पायजेत. भाज्याच नाई राहिल्या तर काय नाकतोडे वाढतं पानात?”

मी दाराची चौकट धरली. मला त्या वाक्याचा अर्थ त्यांच्याहून जास्त कळत होता.

कुंपणाचे दोन काटे बाजूला सारले आणि कोंबड्या आल्या. आधी थबकल्या, माना वाकड्या करून पाहिलं. मग पहिलीने एक टोचला. मग काय सांगू! मेजवानीला बसलेल्या माणसांना निदान जनाची लाज असते. एक कोंबडी पाय धरायची, दुसरी डोकं, ओढाताण व्हायची, नाकतोडा मधून फाटायचा. एकीच्या चोचीतून अर्धा बाहेर लोंबतोय आणि त्याचे पाय अजून झाडतायत, तशीच ती दुसऱ्यावर धावतेय. मोठे नाकतोडे गिळताना घशात अडकायचे, गळा फुगायचा, डोळे मिटायचे, मग गटकन खाली. वाफ्यात जिकडेतिकडे पंख आणि पाय पडले. खाला कुंपणाशी उभी राहून “खाओ, खाओ” म्हणत होती. आणि मामंजी, ज्यांनी जन्मात मासे विकणारीच्या सावलीत पाऊल टाकलं नव्हतं, ते बोट दाखवून सांगत होते, “इकडं, इकडं! त्या वांग्याखाली हायेत बाई, तिकडं हाका!” त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्याचीही शिसारी आली.

मी तिथेच, वाफ्याच्या कडेला, उलटी केली. एक कोंबडी धावत आली आणि तिने ती टोचायला सुरुवात केली. मग मात्र मी आत जाऊन कांबळं डोक्यावरून घेऊन पडले.

दोन दिवस कोंबड्या होत्या. तिसऱ्या दिवशी खालाने त्या हाकून नेल्या आणि काटे पुन्हा लावून घेतले. सासूबाईंनी मनावर दगड ठेवून सगळ्या बागेत गोमूत्र शिंपडलं. बागेत वांगी, अंबाडी, कारलं, अळू आणि कोहळं एवढंच खाण्याजोगं उरलं होतं. पाच. बाकीच्या भाज्या मामंजी स्वतः पिशवी घेऊन बाजारातून घेऊन आले. ज्यांना त्यांनी आयुष्यभर ती सोळा भाज्यांची गोष्ट सांगितली होती त्यांतले तिघे-चौघे त्यांना बाजारात भेटले म्हणे. पंधरा जमल्या. दोडकं कुठे मिळालं नाही.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या दिवशी सकाळी खालाने कुंपणावरून दोन दोडके पुढे केले, तिच्या छपरावरच्या वेलाचे. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, “बाजारातली भाजी तरी कोनाची राहते? मुसलमान बागवानाचीच ना.” सासूबाईंनी पदर पुढे केला, दोडके घेतले, धुतले आणि चिरायला बसल्या. नैवेद्य झाला. घरभर पुरणाचा वास होता, समया लागल्या होत्या, देवींच्या अंगावर शालू होते. मी पानावर बसले आणि त्या सोळा भाज्यांच्या भाजीत बोट घालून, पसरून, एकेक तुकडा उलटून पाहत राहिले. शेजारची सवाष्ण मला म्हणाली, “काय शोधून राहिली व?” मी म्हटलं, “काही नाही.” मी पुरणपोळी आणि दूध एवढंच खाल्लं.

विसर्जन झालं, पाहुणे गेले. मग मला ते मनात ठेवणं जड व्हायला लागलं. मामंजी रिकाम्या वाफ्यात कुदळ मारत होते. मी चहा घेऊन गेले आणि चहा देता देता सांगून टाकलं.

“मामंजी, ते गवत मी कापवलं होतं. सापाची भीती वाटली म्हणून.”

त्यांनी कप खाली ठेवला. “कवा?”

“तुम्ही भातकुलीला गेलात तेव्हा.”

“अन् हे सांगाले तुले महिना लागला?”

ते रागाने ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप तसाच ठेवला आणि कुदळ उचलली. चार दिवस ते माझ्या हातचा चहा प्यायले नाहीत. सासूबाईंच्या हातून मागायचे. घरात तीन माणसं, त्यांतलं एक बोलत नाही, म्हणजे घर किती मोठं वाटतं ते मला तेव्हा कळलं. सासूबाई मला म्हणाल्या, “तू चुकली. पन तेही चुकले. बाईले कात दिसली, तिनं सांगितलं, तर कचेरीच्या गोष्टी सांगाव का?” हे त्या त्यांनाही बोलल्या असाव्यात, कारण पाचव्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली.

“सूनबाई, इकडं ये. गवत कापलं तवा तू इथंच बसली होती ना? काय काय पाह्यलं ते सांग.”

मी काय पाहिलं ते त्यांना सांगू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की त्या महिन्यात मी ह्या किड्यांकडे मामंजींपेक्षा कितीतरी जास्त पाहिलं होतं. ज्याची किळस येते त्याच्यावरून डोळा हटत नाही. ते कुठे बसतात, कुठून येतात, काय सोडून काय खातात, सगळं मला पाठ होतं. मी त्यांना सांगितलं की मोठे, जाड पोटाचे नाकतोडे दुपारी पानं सोडून कुंपणाच्या बांधावर उतरायचे आणि मातीत शेपूट खुपसून बसायचे. शेपूट लांबत जायचं, दुप्पट व्हायचं. बाहेर काढलं की भोकावर पांढरा फेस राहायचा. मी एकदा त्या फेसावर पाय दिला होता.

मामंजी ऐकता ऐकता उभे राहिले. “अंडे घालत होते ते. बांध दाखव.” मी दाखवला. ते म्हणाले, “आता माती वल्ली हाय. उन्हाळ्यात खनू.” आणि मग, “चहा ठेव.”

बाळंतपणाला मी अकोल्याला गेले. मुलगी झाली. धडधाकट, पोटावर डाग ना काही. सासूबाईंनी पत्रात तेच विचारलं होतं. वैशाख संपता संपता तिला घेऊन अमरावतीला परत आले. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी कुदळ काढली. कुंपणाचा बांध ते वीतभर खोल उकरत गेले. मी मुलीला कडेवर घेऊन, पदर नाकाशी धरून, इथे नाही, तिथे, त्या बाभळीच्या बुंध्याशी, असं सांगत होते. थोड्याच वेळात त्यांनी मातीचा एक गोळा उचलला, बोटाएवढा, वाकडा, शेंगेसारखा. नखाने फोडला. आत भाताची शितं एकाला एक लावून ठेवावीत तशी पिवळसर अंडी.

“हे पाय! हे पाय, सूनबाई! तुले दिसते ते मले नाई दिसत,” असं म्हणत त्यांनी तो फुटलेला गोळा माझ्या आणि मुलीच्या तोंडाशी आणला. ह्याहून मोठी शाबासकी त्यांनी मला पुढे कधी दिली नाही, आणि मी मान फिरवून म्हटलं, “मामंजी, दूर धरा.”

खालाच्या कोंबड्यांसाठी ह्या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही. खालाने काटे सारले, सासूबाई आत निघून गेल्या, कोंबड्यांनी उकरलेली माती चिवडली. त्या पावसाळ्यात नाकतोडे आले ते चुकूनमाकून, वेचता येतील एवढे. पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळा बांध उलटा करून झाला. मामंजींनी विहिरीवर हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. मी सगळ्यांना वाढलं, मुलीला पाजलं, आणि माझ्या ताटातला भात बाजूला काढून नुसत्या भाकरीवर जेवले.